अकरावी झेंडी

मन्मथला या फेरीतून मिळवायचं काही नव्हतं, घालवायचं होतं. एक नाव घालवायचं होतं.

उदगीरचे तेलाचे व्यापारी गुरुबसप्पा यांचा हा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत उशाशी कंदील जळत असल्याशिवाय डोळा मिटत नसे. चुलतभावानं ही बातमी शाळेत पोचवली आणि पोरांनी त्याचं नावच कंदील ठेवलं. आता तो सव्वीस वर्षांचा होता, त्याला मिशा होत्या, दारात राजदूत फटफटी होती, तरी चौकातून हाक यायची ती "ए कंदील" हीच. मागच्या वर्षी निलंग्याची सोयरीक जुळत आली होती. मुलीच्या मामानं पानाला चुना लावता लावता सहज विचारलं, "कंदील म्हणतेत ते हेच का?" बैठकीत जो हशा झाला त्यात सोयरीक बुडाली.

म्हणून जमेच्या बाजूला मन्मथनं धरलं होतं ते असं: कंदील विझेल, मामा खजील होईल, आणि एक मेच्या झेंडावंदनाला लातुरात मोठ्या साहेबांच्या हातून गळ्यात हार पडेल. खर्चाची बाजू त्यानं उघडलीच नाही. भित्रा माणूस ती उघडत बसला तर उंबऱ्याबाहेर पडायचा नाही.

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष लागलं होतं, आणि पावसानं पाठ फिरवून दुसरं. फेरीची कल्पना त्याच्या मित्राची, नरसिंगची. देगलूरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, बुडाखाली बुलेट, तोंडात अर्धी तेलुगू आणि डोक्यात रोज नवं खूळ. "एमिरा," तो म्हणाला, "माणसं देवाला प्रदक्षिणा घालतेत. आपण जिल्ह्याला घालू. हद्दीहद्दीनं जायाचं. डांबरावर चाक टेकवायचं न्हाई."

तिसरा भीमा. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, जुनी येझदी, बोलणं कमी. त्याचा बाप नांदेडला शाळेत शिपाई होता आणि पोराला शिकवताना त्यानं स्वतःच्या अंगावर नवा सदरा चढवला नव्हता. त्यामुळं भीमा कुठल्याही गोष्टीला हात घालण्याआधी ती दोनदा बघून घेई. हा गुण फटफटीवर बसणाऱ्या माणसाला शोभत नाही असं नरसिंगचं मत होतं.

हार घालायचा तर फेरी केली याला पुरावा काय, असं कलेक्टर कचेरीतून विचारणं आलं. नरसिंगनं त्यावर उपाय काढला. नव्या हद्दीवर मोजणीवाल्यांनी जागोजाग बांबू रोवून त्यांना लाल-पांढऱ्या झेंड्या बांधल्या होत्या. त्याच बांबूसकट काढून आणायच्या.

"सरकारी निशाणाला हात लावायचा न्हाई रे," भीमा म्हणाला.

"मोजणी कधीच संपली. आता त्या झेंड्या शेळ्या खाऊन राहिल्या. आपण अकरा आणू."

"अकराच का?"

"मग काय दहा? दहाला मान न्हाई. नारळ अकरा, पानं अकरा. दहा कोण कुणाला देतं?"

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिघे निघाले. प्रत्येकाच्या हँडलला पाण्यानं भरलेली छागळ, मागं पेट्रोलचा डबा, आणि मन्मथच्या कॅरेजवर झेंड्या बांधायला सुतळी.

मन्मथ सगळ्यात पुढं राही. बघणाऱ्याला तो धीर वाटे, पण गोम वेगळी होती. मागं राहणाऱ्याच्या पाठीशी कोणी नसतं, आणि मन्मथला पाठीमागची मोकळी जागा सोसत नव्हती. पुढची भीती निदान दिसते. दुसऱ्या दिवशी दुपारी एका माळावर तिघांनी इंजिनं बंद केली आणि अशी शांतता पडली की त्याला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू आलं. जमीन पाऊल जाईल एवढी भेगाळलेली. पळसाला पान नाही. एका भेगेच्या कडेला बैलाचा सांगाडा, आणि त्याच्या गळ्यात घुंगरमाळ अजून तशीच. वारा आला की ती वाजे. एवढ्या उन्हात मन्मथच्या अंगावर काटा आला.

"कंदील, गप का झालास?" नरसिंगनं विचारलं.

"छागळीत पाणी किती राहिलं ते बघून राहिलो," मन्मथ म्हणाला. लबाडी त्याला अशा वेळी पटकन सुचे.

वाटेतली गावं अर्धी रिकामी. माणसं खडी फोडायच्या कामावर नाहीतर कारखान्याकडं गेलेली, घरात म्हातारी आणि कुलपं. प्यायला पाणी मागितलं की लोक आधी छागळीकडं बघत, मग तोंडाकडं. तिसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत अशी गावं मागं टाकत तिघे निलंग्याच्या अंगानं मांजरेच्या काठावर आले तेव्हा कॅरेजवर दहा झेंड्या होत्या. अकरावी सापडत नव्हती, आणि संध्याकाळपर्यंत फेरी संपत होती.

नदी म्हणजे पांढऱ्या वाळूचा रुंद पट्टा. पाण्याचा थेंब नाही. पात्रात उतरण्याआधी भीमानं दोघांना थांबवलं. "ऐका. वाळूत बायांनी पाण्याला झिरे खोदलेले असतेत. खुणेची काटी दिसली की लांबून जायचं. वरून सारवल्यावाणी वाळू दिसली तर अजून लांबून. चोरीच्या भयानं काही जणी झाकून ठेवतेत."

"पाण्याची चोरी?" नरसिंग हसला.

"तुझ्या देगलूरला नळ हाय म्हणून हसून राहिलास."

चार वाजता वावटळ उठली. पात्रातून धुळीचा खांब फिरत आला, मग दुसरा, आणि मग सगळंच तांबूस झालं. नरसिंगनं काठ धरला. भीमा मागं पडला. मन्मथ एकटाच पात्रातून पुढं निघाला, कारण थांबलं तर एकटं थांबावं लागलं असतं. डोळे बारीक करून तो चालवत होता आणि धूळ जरा विरळ झाली तेव्हा समोर, अगदी नदीच्या मध्यावर, त्याला झेंडी दिसली. लाल-पांढरी. हद्द नदीच्या मध्यातून जाते हे तर शाळेतलं पोरही सांगेल.

तो उतरला. बांबू वीतभर जास्तच खोल रोवला होता, आणि कापड सुतळीऐवजी कसल्याशा हिरव्या पट्टीनं बांधलेलं होतं. दोन्ही हातांनी हिसका देऊन त्यानं तो उपटला. टोक ओलं होतं.

इथं त्याला थांबायला हवं होतं, आणि तो थांबलाही. तीन दिवसांत त्यानं ओलं असं काही पाहिलं नव्हतं. टोकाला चिकटलेली वाळू त्यानं बोटानं चाचपली. गार. कोणीतरी बघतंय असं वाटलं. त्यानं वळून पाहिलं तर धूळच. मग भीतीनं विचाराला मागं सारलं. घाईघाईनं त्यानं अकरावी झेंडी मोळीत खुपसली आणि राजदूत दामटली.

पुढच्या वळणावर काठाखाली नरसिंग भेटला. "झाल्या का अकरा?"

"झाल्या."

"शाब्बास रे कंदील! आता तुला मन्मथ अप्पा म्हणावं लागतंय."

दोघे भीमाची वाट बघत राहिले. येझदीचा आवाज लांबून येत होता, फटफट फटफट, जवळ येणारा. मग तो एकदम चढला, किंचाळल्यासारखा, आणि बंद पडला.

नरसिंगच्या आधी मन्मथला कळलं. बांबूचं ओलं टोक त्याच्या डोळ्यापुढं आलं.

परत गेले तर पात्राच्या मध्यावर येझदीचं मागचं चाक आभाळाकडं होतं आणि अजून फिरत होतं. खाली दीड परस, दीड माणूस उभा मावेल एवढा खोल खड्डा. झाकणाचा मोडलेला पऱ्हाट्यांचा तट्ट्या, फाटलेलं पोतं, आणि तळाशी कमरेपर्यंत वाळूत भीमा. गाडीचं हँडल त्याच्या छातीला लागलेलं. चारही बाजूंनी वाळू झिरपत होती, जात्यातून पीठ पडावं तशी, बारीक, न थांबता.

"जवळ येऊ नका!" खालून भीमा ओरडला. "काठ ढासळतोय."

नरसिंगनं वाकून हात पुढं केला मात्र, त्याच्या पायाखालचा टोपलंभर काठ सुटला आणि वाळू भीमाच्या बेंबीवर आली. नरसिंग मागं सरकला. "मी गावातून माणसं आणतो. दोर आणतो. मन्मथा, तू हितंच थांब." आणि बुलेट धुळीत गेली.

मन्मथ एकटा राहिला. ज्याच्या भयानं तो तीन दिवस पुढं पळत होता ते सगळं आता त्याच्याभोवती येऊन बसलं: मोकळी नदी, बंद पडलेला आवाज, मावळतीकडं कललेला दिवस. आणि खाली एक माणूस बुडत होता, पाण्यात नव्हे, कोरड्यात.

"मन्मथा."

"बोल रे."

"हितं झिरा होता तर निशाण काहीतरी असंल की. काटी, चिंधी. मला काहीच दिसलं न्हाई. तुझ्या चाकाची खूण धरून जरा बाजूनं आलो." तो थांबला. श्वास घ्यायला त्याला हँडल मागं रेटावं लागत होतं. "तू पुढं होतास. तुला काही दिसलं का?"

राजदूत दहा पावलांवर उभी होती. मोळीतली अकरावी झेंडी वाऱ्यानं फडफडत होती, आणि तो आवाज खाली ऐकू जाईल या भीतीनं मन्मथचं तोंड आपोआप उघडलं.

"न्हाई रे. काहीच न्हवतं."

वाळू झिरपत होती. मन्मथला वाटलं, आपल्या तोंडातून निघालेला शब्दच खाली पडून भीमाच्या छातीवर साचतोय. ऊन उतरलं. वाळू भीमाच्या बरगड्यांना लागली.

"कोण हाय रं तिथं?"

मन्मथ दचकून पडायचाच. पात्रातून एक बाई येत होती, डोक्यावर घागर, काखेला दोर. साठीची असेल, वाळलेली, पण पावलं ठाम. तिनं आधी वर आलेलं चाक पाहिलं, मग खड्डा, मग खालचा माणूस. घागर खाली ठेवली.

"माझा झिरा," ती म्हणाली. एवढंच. मग आवाज बदलला. "हलू नगंस लेकरा. वढाताण करशील तर वाळू गिळंल. ए बाबा, तू उभा काय राहिलास? आडवा हो. तट्ट्याचा तुकडा घे, त्याच्यावर पालथा पड, अन गाडीचं चाक धर. सोडू नगंस."

मन्मथ पालथा पडला. त्याच्या नाकाखाली खड्डा होता आणि हातात येझदीचं चाक. त्याचा जीव असा उडालेला होता की बोटं चाकाला गुंतली होती म्हणूनच तो जागेवर राहिला.

बाई खालच्या अंगाला गेली, गुडघ्यावर बसली, आणि तिनं वाळूला हात लावून पाहिला.

"हिकडून फोडला तर वाळू खाली सरकंल, ह्याचा दम मोकळा व्हईल," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही. "पण झिरा गेला. तळाला चिकणमातीचा थर हाय, त्यो फुटला की पाणी निघून जातं. बावीस दिस खोदला म्या एकटीनं."

"मावशी," भीमा खालून म्हणाला, "लोक येतेल. थांबा वाटल्यास."

"लोक येतेल तवर तू ऱ्हातूस का?" तिनं घागरीवरचं पितळी झाकण काढलं आणि वाळू उपसायला सुरुवात केली.

अंधारून आलं. तिनं सांगितलं तसं मन्मथनं एका हातानं चाक न सोडता तिच्याकडचा दोर चाकाला घालून खुंटीसारख्या रुतलेल्या बाभळीच्या बुंध्याला बांधला आणि राजदूत चालू करून तिचा दिवा खड्ड्यावर धरला. दिवा धरायचं काम शेवटी त्याच्याकडंच आलं. त्या उजेडात झिऱ्याची खालची भिंत एकदम बसली. वाळूबरोबर पाणी निघालं, दोन-तीन घागरी असेल, दिव्यात चमकलं आणि बघता बघता जमिनीत गेलं. बाईनं तिकडं पाहिलं नाही. तिनं भीमाच्या काखेत हात घातले, मन्मथनं दुसऱ्या बाजूनं, आणि उतारावरून त्याला ओढून काढलं. डावा पाय नडगीपाशी भलतीकडंच वळला होता.

"काठी पायजे," ती म्हणाली. "पाय बांधाया."

मन्मथ हलला नाही. दिव्याच्या उजेडात कॅरेजवरची मोळी स्वच्छ दिसत होती. बाई उठली, तिकडं गेली. दहा झेंड्यांवरून तिचा हात फिरला आणि अकरावीवर थांबला. हिरव्या पट्टीवर. तिनं तो बांबू मोळीतून ओढून काढला.

"गावातले झिरे वरच्या अंगाला हायती," ती बोलू लागली, शांतपणे, जणू मन्मथनंच विचारलं होतं. "तिथं मला घागर बुडवू देत न्हाईत. लांब बसायचं, कुणी वरून वतलं तर घ्यायचं. म्हणून म्या हिकडं खोदला. तर रातच्याला पाणी चोरीला. मग झाकला, वर वाळू पसरली. तरी चोरी. माझं पोर मोजणीत साखळी वढाया व्हतं. त्यानं उरलेली झेंडी दिली. म्हणलं, सरकारच्या निशाणाला कोण हात लावतंय? रवून टाकली. दोन महिने चोरानं बी हात लावला न्हाई."

तिनं मन्मथकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग बांबू गुडघ्यावर मोडून दोन केले, भीमाच्या नडगीला दोन्हीकडून लावले आणि त्याच लाल-पांढऱ्या कापडानं, त्याच हिरव्या पट्टीनं आवळून बांधले.

भीमा शुद्धीवर होता. "जयभीम मावशी," तो म्हणाला. "नाव काय तुमचं?"

तिचे हात थांबले. "सरजाबाई," ती म्हणाली, आणि तिनं गाठ जरा मऊ केली.

नरसिंग माणसं घेऊन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. माणसांनी आधी झिरा कुणाचा ते विचारलं, मग बैलगाडी जुंपली. गाडीत भीमाचं डोकं मन्मथच्या मांडीवर होतं. अर्ध्या वाटेत त्यानं पायाशी हात नेऊन हिरव्या पट्टीवर बोट फिरवलं.

"लुगड्याचा काठ हाय," तो म्हणाला. "मोजणीवाले झेंडीला लुगड्याचा काठ बांधतेत का रे, मन्मथा?"

मन्मथनं भीमाच्या डोक्याखालची मांडी सावरली. तिथून पुढचे दहा दिवस मन्मथ जी भीती घेऊन वावरला तिच्यापुढं माळावरची भीती काहीच नव्हती. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी तो दचके. भीमा कधी सांगेल? कुणाला सांगेल? दवाखान्यात तो रोज भेटायला जाई, मोसंबी नेई. भीमा मोसंबी खाई आणि छताकडं बघे.

एक मेला लातुरात मांडव उभा राहिला. टेबलावर अकरा झेंड्या मांडलेल्या. मन्मथनं मोजल्या, पुन्हा मोजल्या. अकरावी तर मोडून भीमाच्या पायाला बांधली होती.

"शिंप्याकडून एक शिवून घेतली," नरसिंग कानात म्हणाला. "देगलूरला. कुणाला कळतंय?"

कळण्यासारखं होतं ते एवढंच, की अकरावी झेंडी कुठंही शिवून मिळत होती.

साहेबांनी हार घातले. फोटो निघाला. मग कोणीतरी माईक प्लास्टरात पाय असलेल्या भीमापुढं धरला. मन्मथ गळ्यातला हार चाचपत राहिला. गर्दीत निलंग्याचा मामा दिसत होता.

"मन्मथ अप्पा सगळ्यांच्या पुढं होता," भीमा म्हणाला, सावकाश, एकेक शब्द दोनदा बघून ठेवल्यासारखा. "वाटेत जे निशाण लागलं, ते त्यानंच काढलं."

टाळ्या पडल्या. लई पडल्या. मन्मथनं हात जोडले, आणि भीमानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मेच्या मध्यावर एका सकाळी मन्मथ राजदूतला फावडं आणि टिकाव बांधून मांजरेकडं निघाला. घरी सांगितलं, निलंग्याला पेंडीचा भाव बघून येतो. काठावरच्या बाभळीआड गाडी बंद करून त्यानं खाली पाहिलं. वरच्या अंगाच्या झिऱ्यांवर बायांची दाटी होती. त्यांच्यापासून वीस पावलांवर, उन्हात, घागर पुढ्यात ठेवून सरजाबाई बसली होती. एक बाई भरून गेली. दुसरी भरून गेली. तिसरीनं जाता जाता उंचावरून तिच्या घागरीत अर्धा तांब्या ओतला. सरजाबाईनं घागर हलवून किती झालं ते पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवली.

फक्त खाली उतरायचं होतं. म्हणायचं होतं, मावशी, झेंडी मी काढली, जागा दाखवा, मी खोदतो. तिला ते माहीत होतं, भीमाला माहीत होतं. मन्मथ बाभळीआडच उभा राहिला. मग तो वळला. गाडी चालू करायचा धीर होईना, आवाज झाला तर ती मान वर करील. अर्धा कोस त्यानं राजदूत हातानं ढकलत नेली, फावड्यासकट.

तर हिशेब असा पडला. नरसिंगला एक गोष्ट मिळाली, ती तो अजून गिऱ्हाइकांना रंगवून सांगतो. भीमाचा डावा पाय बोटभर आखूड झाला. मन्मथचं जुनं नाव गेलं ते गेलंच. आता त्याला सगळे मन्मथ अप्पा म्हणतात, निलंग्याची मुलगीही घरात आली. तिला एवढंच कळत नाही की हा माणूस रात्रभर दिवा का जळू देतो. विचारलं तर म्हणतो, डास होतेत.

आणि भरलं ते सरजाबाईनं. पाऊस पडेपर्यंत रोज, दोन वेळा, लांब बसून, कुणीतरी वरून ओतील याची वाट बघत.